मागची पाटी

मेडशीच्या हिरालालभाऊंनी बावीस वर्षं लोकांच्या घरांतले साप फुकट धरले. वांग्यांना पाणी सोडलेलं असो की ताटावर बसलेले असोत, फोन आला की माणूस निघाला. एका नागानं त्यांचा डावा अंगठा कायमचा वाकडा केला, तरी त्यांनी साप मारला नाही, कुणाला मारू दिला नाही. गावानं बदल्यात काय दिलं म्हणाल, तर चहा.

यंदा वनखात्याच्या ऑफिसात नियम निघाला. कार्ड असेल त्यानंच साप धरायचा. अर्जासोबत साप जंगलात सोडतानाचा फोटो, आणि त्यात मागची जंगलाची पाटी वाचता आली पाहिजे. मुदत शुक्रवारपर्यंत. सोमवारी संध्याकाळी तुराट्यांच्या ढिगात नाग सापडला. मंगळवारी सकाळीच भाऊ स्टँडजवळच्या स्टुडिओवाल्या फय्याजला घेऊन जंगलाच्या कडेला गेले.

फय्याज लग्नांचे फोटो काढून तयार झालेला गडी. नवी लेन्स घेतल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

"जुन्या लेन्सनं मागच्या काड्या डबल दिसत, डोयात टोचत," तो सांगत होता. "हिच्यानं मागचं सारं सायीवानी मऊ होते, भाऊ. उजेडाचे गोल गोल ठिपके येतात."

"मंग पाटीचं कसं?"

"पाटी हाय ना फ्रेममंदी! तुमी नागाकडं ध्यान द्या."

पाटी फ्रेममध्ये होतीच. पण फय्याजनं सवयीनं, मागचं मऊ व्हावं म्हणून, लेन्स पूर्ण उघडी ठेवली, आणि नवरीचे पाहावेत तसे कॅमेऱ्याच्या पडद्यावर फक्त भाऊंचे डोळे मोठे करून पाहिले. तोवर नाग गवतात दिसेनासा झाला होता.

"फोटो झकास आहे," बुधवारी ऑफिसातले साहेब म्हणाले, "पण ही पाटी आहे का पळसाचं पान?"

फय्याजनं रात्रीपर्यंत कॉम्प्युटरवर डोकं फोडलं. अक्षरं काही आली नाहीत. गुरुवारी, शुक्रवारी सापाचा एकही फोन नाही. मुदत संपली, आणि कार्डाशिवाय साप धरणार नाही, असं भाऊंनी ऑफिसात लिहून दिलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर फय्याजला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "फोटो मात्र चांगला निंगाला."

रविवारी नाग निघाला तो फय्याजच्याच न्हाणीत. त्याची म्हातारी आई, अमीनाबी, बाजेवर उभी राहून ओरडत होती. फोन केल्याबरोबर भाऊ आले, पण हात मागं बांधून दारातच थांबले.

"सही करून देल्ली मी, फय्याज. हात लावता येत नाही मले."

"कोन सांगते, भाऊ? धरा ना!"

भाऊंनी गल्लीकडे पाहिलं. पाचसहा मोबाइल आधीच शूटिंग करत होते. कार्डवाला माणूस वाशीमहून यायला दीड तास होता. तेवढा धीर कुणाला? काठ्या पडल्या. पहिली फय्याजचीच होती.

सगळे पांगल्यावर भाऊ आत आले, उकिडवे बसले, काडीनं साप हळूच उलटा केला.

"मादी व्हती. अंड्यावर आलेली."

डोळे पुसून ते उठले. दारात चपला घालता घालता म्हणाले, "यापुढं मले फोन नोको करत जाऊ."