धर्मशाळेची उजवी बाजू

इथल्या एका आर्ट कॉलेजची रेकॉर्ड रूम मी सांभाळतो. तिच्यात मुख्यतः इमारतींची ड्रॉइंग्ज आहेत. कॉलेजच्या शिक्षकांनी आणि मुलांनी शहरातल्या जुन्या वास्तू टेपने मोजून ट्रेसिंग कागदावर उतरवलेल्या. हल्ली ती स्कॅन करायचं काम चालू आहे. गुंडाळी उलगडायची, कडांवर वजनं ठेवायची, स्कॅन करायचं, पुन्हा गुंडाळायचं. संध्याकाळी खांदे भरून येतात. हे काम मला आवडतं की नाही, हे स्वतःला विचारणं मी सोडून दिलं आहे.

बेगम बाजारातल्या एका जुन्या धर्मशाळेचे सेक्रेटरी एकदा कॉलेजात आले. निवृत्त वकील, आपलेच मराठी. धर्मशाळेच्या चौकाभोवती वरच्या मजल्यावर लाकडी कमानींची गॅलरी होती. डावी बाजू उभी होती, उजवी वाळवीने खाऊन पडली होती. ती पूर्वीसारखी करायची तर नकाशा हवा होता, आणि तो आमच्याकडे होता. माझ्या सरांनी तरुणपणी काढलेला.

सर म्हणजे ज्यांनी मला मोजायला शिकवलं ते. आमच्या वेळी मुलं अर्धी इमारत मोजायची आणि ट्रेसिंग उलटं करून दुसरी अर्धी गिरवायची. याला आम्ही ‘आरसा मारणं’ म्हणायचो. सरांना ते लगेच कळायचं. “पलीकडे गेला होतास का? की आरशात बघून आलास?” असं विचारून ते कागद परत करायचे. माझाही केला होता.

सेक्रेटरींसाठी प्रत काढायला मी ते ड्रॉइंग खालून दिवा असलेल्या काचेवर पसरलं. डाव्या अर्ध्या भागात डिव्हायडरच्या टोकाच्या बारीक टोचण्या होत्या, खोडलेले पेन्सिलचे आकडे होते. उजव्या भागात काहीच नव्हतं, फक्त शाई. लाकडाच्या नक्षीत डावीकडे एका ठिकाणी सरांचा हात किंचित हलला होता. उजवीकडेही तो त्याच ठिकाणी, उलट बाजूला, हलला होता.

सरांनी आरसा मारला होता.

प्रतीवर एक ओळ लिहायला हवी होती, ‘उजवी बाजू जागेवर तपासून घ्यावी’, एवढीच. मी ती लिहिली नाही. सरांबद्दलच्या आदरामुळे लिहिली नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कॉलेज बंद व्हायची वेळ झाली होती, मी थकलो होतो, आणि लिहिलं असतं तर का लिहिलं ते कुणाला तरी सांगावं लागलं असतं. मी प्रत गुंडाळून दिली.

पावसाळा संपता संपता सेक्रेटरींचा फोन आला. “जरा येऊन जा. मिस्त्रीने सगळा घोळ करून ठेवलाय. तुम्ही सांगितलंत म्हणजे त्याला तोंड उघडायला जागा राहणार नाही.”

मी गेलो. सागवानाच्या तीन नव्या कमानी चौकात भिंतीला टेकून ठेवल्या होत्या. उजवीकडचे खण, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, डावीकडच्यापेक्षा वीतभर अरुंद निघाले होते. त्या बाजूने मागची गल्ली आत घुसली होती. कमानी बसतच नव्हत्या.

“हा नकाशा आणि ही याची कमान,” सेक्रेटरी म्हणाले. “वाचताच येत नाही याला! उद्यापासून दुसरा माणूस आणतोय मी.”

“वकीलसाब, आप कमान कू कायकू डांट रहे? मेरे कू डांटो,” मिस्त्री म्हणाला. पन्नाशीचा, माझ्याच वयाचा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “गलती मेरी बी है साब. मैं दीवार नापाच नहीं. कालेज का कागज था ना.”

“बघा, कबूल करतोय!” सेक्रेटरी म्हणाले.

मी तिथे गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. मिस्त्रीचं काम गेलं असतं, आणि बाजारात त्याच्या नावाने ही गोष्ट फिरत राहिली असती. मी म्हणालो, “नकाशाच चुकीचा आहे. उजवी बाजू कुणी मोजलेलीच नाही. मला प्रत देतानाच ते दिसलं होतं.”

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. “मग बोलला का नाहीत?”

मिस्त्री कमानीवरचा भुसा हाताने झाडू लागला.

तिथून मी अंबरपेठेला सरांकडे गेलो. दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळू नये असं वाटत होतं. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. आता त्यांना दिसतं ते फक्त मोठं मोठं. मी सगळं सांगितलं.

“उजवीकडे बायकांच्या खोल्या होत्या रे,” ते म्हणाले. “दोनदा गेलो, दोनदा हाकललं मला. कागदावर तसं लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. चांगला दिसत होता कागद.” मग विचारलं, “मिस्त्री राहिला का कामावर?”

“राहिला. सेक्रेटरींनी दुसरा माणूस आणायचं रद्द केलं.”

“आणि तू बघितलं होतंस आधी.”

“हो सर.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

“आता कोण मोजणार?”

“मी आणि मिस्त्री. या रविवारी.”

“दोन्ही बाजू मोजा,” सर म्हणाले. “डावीसुद्धा. माझा भरवसा धरू नका.”

रविवारी मिस्त्रीने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. “जोर से खींचो साब, ढीला छोडे तो फिर कमान नक्को बोलती,” असं म्हणून तो हसला. दुपारपर्यंत पाय बोलायला लागले. उजवी बाजू झाली, मग डावीही मोजली. सरांनी मोजलेल्या डाव्या बाजूत एका रेघेचाही फरक नव्हता.

हे त्यांना सांगायला मी अजून गेलेलो नाही. रोज संध्याकाळी ठरवतो, मग त्यांनी हलवलेली मान आठवते, आणि सरळ घरी येतो.