पाण्यातल्या मारुतीची पत्रिका

मामाला वाचता यायचं, पण परक्या बसस्थानकात कुणाला काही विचारायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. "कशाला फिरायचं? लातुरातच लई हाय," म्हणायचा. मीच हौसेनं त्याला फोनवरचा नकाशा शिकवला, अन् सत्तरीतल्या माणसाला पाय फुटले. उदगीर झालं, माहूर झालं. आपण चाललो की निळा ठिपकाही चालतो, याचं त्याला भारी कौतुक.

मामाचं गाव नांदेडच्या अलीकडे, धरणाच्या पाण्यात गेलेलं. नव्या वस्तीत नवा मारुती बसवलाय, पण मान जुन्याचा. घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका त्याला. काठावर उभं राहून, हळदीकुंकू लावून, अंदाजानं पाण्यात सोडायची.

नातीच्या लग्नाला मामाला अंदाज नको झाला. नकाशातल्या वरून काढलेल्या, पाणी आटलेल्या उन्हाळ्याच्या फोटोत त्याला देवळाचा चौथरा सापडला होता. तिथं त्यानं खूण करून ठेवली.

आम्ही दोघंच गेलो. भरदुपार, पण वारा नाही, पाखरू नाही. एका हातात पत्रिका, दुसऱ्या हातात फोन धरून तो पाण्यात शिरला. कमरेएवढ्या पाण्यात थांबला आणि पत्रिका सोडली. ती तरंगलीच नाही. खालून कुणी हात पुढे करून घ्यावी तशी सरळ खाली गेली.

"आता घरी जाऊन येतो," तो म्हणाला. "ह्ये काय, पन्नास पावलं. दार उघडंच हाय."

"मामा, माघारी फिर!"

तो ऐकेना. पाणी छातीला लागलं. मला पोहता येत नाही, अन् त्याचा जीव सगळा त्या ठिपक्यात. मग मी त्यालाच फोन लावला. तो थांबला. फोन कानाला लावला.

"मामा, मला एकटीला भेव वाटायलंय. ये की." मी रडायलाच लागले होते.

त्यानं एकदा खाली पाण्यात बघितलं. मग म्हणाला, "आलो, बाई."

परतीच्या बसमध्ये त्याचा डोळा लागल्यावर मी ती खूण पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी तो चष्मा लावून फोन चाळत बसला होता.

"खूण कुठं गेली गं?"

"गेली असेल. परत कशी लावायची, मला न्हाई येत," मी धडधडीत खोटं बोलले.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मला येतंय."