मेडशीच्या चर्चात आज कोणी गायलंच नाही

मंडळी, आज मेडशीच्या चर्चात आमची गाण्याची पार्टी वाजली. शेवटची वाजली म्हणा.

ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी अन् माहा दोस्त योहाननं येशूच्या गाण्याची ही पार्टी काढली. त्याची गिटार, माहा ड्रम. गाण्यात मधीच आमी वाजवणं थांबवत होतो अन् पुढची ओळ लोकं म्हणत. सारं चर्च दणाणून जाय.

मंग पोट्ट्यायले आवडावं म्हणून कीबोर्ड आणला, त्यातला तयार ठेका लावला. तो ठेका कोणासाठी थांबत नाही, म्हणून लोकायची ओळ गेली. पोट्टे आलेच नाही, जुने लोकंबी घटले.

आज सकाळी योहान म्हणे, "कीबोर्ड घरी ठेव. जुनं वाजवू. लोकायनं ओळ उचलली तर पार्टी चालू, नाहीतर बंद."

वाजवलं. ओळीवर थांबलो. सारे चिडीचूप.

नवे पाळकसाहेब उठून आले, योहानच्या कानात म्हणे, "मामा, विसरले काय? राहू द्या, वय झालं." अन् त्यायनं टाळ्या वाजवल्या. मंग साऱ्यायनंच वाजवल्या.

योहाननं गिटार खोळीत घातली. घरी येताना एसटीत मी म्हटलं, "लेका, एकडाव अजून पाहू." त्यानं गिटारची खोळ माह्या मांडीवर ठेवून देल्ली.

तुमच्याकडं लोकं अजून गातात, का नुसतं ऐकून घरी जातात? गात असतील तर सांगा. योहानले एखाद्या रविवारी बिनागिटारचाच तिथं आणून बसवतो.