तणसावरचं अभिनंदन

मॅडमचा फोटो मला तणसाच्या ढिगावर दिसला. माझ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर खुद्द मॅडम बसल्या होत्या, त्यांनाही तो दिसलाच असणार. कॉलेजच्या गेटवर लावलेला फ्लेक्स होता तो. हार्दिक अभिनंदन, गोंदियाची शान, आणि खाली प्राचार्यांपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांचे हसरे चेहरे. आता तो एका शेतकऱ्याच्या अंगणात धानाचं तणस, म्हणजे मळणीनंतरचा पेंढा, पावसापासून झाकत होता. त्यावरचा मजकूर माझा. मुर्रीपासून स्टेशनपर्यंत कोणाला पत्रक हवं असलं की मलाच बोलावतात, तसं कॉलेजनेही बोलावलं होतं.

मॅडम प्राणिशास्त्र शिकवतात. मलाही त्यांनीच शिकवलं. नागरा गावाच्या पुढच्या धानात सारसाची जोडी घरटं करते. त्या घरट्यांच्या अभ्यासाला केंद्राने पैसा मंजूर केला, तेव्हा आमच्या कॉलेजात शाल-श्रीफळाला हात कमी पडले. दोन प्रकल्प सहायक नेमले गेले. ते आळीपाळीने धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून अंड्यांवर येणारी कुत्री हाकलायचे. आणि आता, घरट्यात दोन अंडी असताना, मेल आला: योजना पुढे चालू ठेवता येत नाही. कारण? दिलेलं नाही. का द्यावं? दिल्लीतल्या साहेबाला सारस कसा दिसतो हे तरी ठाऊक असेल का?

सहायक पोरं घरी गेली. ज्यांनी मॅडमना शाल पांघरवली होती तेच स्टाफरूममध्ये म्हणाले, "चला, आता मॅडम पेपर तपासायले मोकळ्या." मी तिथेच उभा होतो. माझ्या खिशात पत्रक तयार होतं, 'संशोधनाची गळचेपी थांबवा' अशा मथळ्यासकट. मॅडमनी ते वाचलं, घडी करून परत दिलं.

"हे नंतर. आधी शेतात जाऊन सांगायचंय. मला एकटीला जाववत नाही. येतोस?"

म्हणून आम्ही तिथे होतो.

"या जी मॅडम, बसा," म्हणत शेतकरी पुढे आला, आणि आमची नजर कुठे आहे हे पाहून फ्लेक्सकडे धावला. "गेटखाली पडून सडून राहिला होता. मी म्हटलं, कायले वाया घालवा..." तो फ्लेक्स ओढून उलटा करू लागला.

"राहू द्या भाऊ," मॅडम म्हणाल्या. "तणस भिजेल."

मग त्यांनी सांगितलं. सरकारने प्रकल्प बंद केला, पोरं येणार नाहीत, अंडी फुटेपर्यंत तुम्हीच लक्ष ठेवा.

मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, तुमची तक्रार कोनं केली?"

"तक्रार?"

"नाई, म्हणजे... का सापडलं त्याइले तुमच्यापाशी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानापर्यंत तापलो. आमच्याकडे घरकुलाच्या यादीतून एखाद्याचं नाव कटलं, की लोक एवढंच विचारतात: तक्रार कोणी केली, आणि याने लपवलं काय होतं. सरकार दिलेलं परत घेतं म्हणजे माणूस अपात्र निघाला. त्याला दुसरं काही ठाऊक असायचं कारण नाही. मॅडमनी मान खाली घातली. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्या मान खाली घालून बसल्या.

आणि मी? चौकाचौकात घसा फोडणारा मी एक वाक्य बोलू शकलो नाही. त्याने कारण विचारलं असतं तर काय सांगणार होतो? ते आम्हालाही कळवलेलं नव्हतं.

"आधीच लोकं मले सारसाचा सासरा म्हणते," तो म्हणाला. "आता तं म्हणन, याची मॅडमच कटली. आन् उद्या बाया निंदाले येऊन राहिल्या. मी काम करू का कुत्रे हाकलू?"

"बायांना घरट्याभोवती रोवलेल्या बांबूंच्या आत जाऊ देऊ नका, एवढंच," मॅडम म्हणाल्या.

"देखतो."

आमच्याकडे 'देखतो' म्हणजे नाही.

परतताना मला आठवत होतं की या प्रकल्पावर मी फ्लेक्स लिहिला, बातमी लिहिली, निषेध लिहिला, आणि त्या धुऱ्यावर एक दुपारही बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी जाऊन बसलो. मादी अंड्यांवर होती, नर बांबूंच्या पलीकडे पाण्यात उभा राहून माझ्याकडे संशयाने बघत होता. दुपारी तीन कुत्री धुऱ्याने आली. मी उठून ओरडलो, आणि तोंडातून घोषणेचाच आवाज निघाला, हात वर करून. निंदणाऱ्या बाया कमरेत वाकून हसल्या.

"नेताजी, कुत्र्यायले भाषण कायले देऊन राहिले?"

"वोट मांगून राहिला असन, बाई!"

कुत्री मात्र पळाली. एक म्हातारी हसू आवरून म्हणाली, "तुमच्या मॅडमनं का केलं होतं, बाप्पा?" मी म्हटलं, "काहीच नाही, आजी. सरकारनंच बंद केलं." तिने मान हलवली. तिला पटलं नाही. मग मी तेच रोज, जो विचारेल त्याला सांगत बसलो. पत्रकात हे एका ओळीत छापलं असतं. तोंडाने सांगताना प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर ती शंका बघावी लागते, आणि धुऱ्यावरून समोर तणसावर मीच लिहिलेलं अभिनंदन.

काही दिवसांनी शेतकरी स्वतः छत्री घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. त्याने बायांना बांबूंच्या आत जाऊ दिलं नव्हतं, हे मी पाहिलं होतं.

"कवा फुटन हे?" त्याने विचारलं.

"मॅडमले विचारा ना. नंबर आहे तुमच्याकडे."

"तुमीच विचारा." तो पाण्याकडे बघत राहिला. "त्या दिवशी मी काईबाई विचारलो. मले लाज वाटते."

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. मी बोलायच्या आधीच पलीकडून आवाज आला, "दोन्ही आहेत ना रे?"

"आहेत, मॅडम."

बाजूला त्याने छत्री मिटली आणि फोनकडे कान केला.