आमटीचा वास

काका आधी नाक वर करायचे, डोळे बारीक करून दोनदा हुंगायचे आणि मग म्हणायचे, "आमटीचा वास येतोय."

नवख्या माणसाला वाटायचं, आत स्वयंपाक चाललाय. नवीन पनवेलला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं घर होतं आणि पुढच्या खोलीत पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "तात्पुरतं जोडून द्या हो, पाहुणे जाईपर्यंत चाललं की झालं." की काका हुंगायला लागत. आतून काकू ओरडत, "घरात आज भेंडी आहे. आमटी यांच्या डोक्यात शिजतेय."

तुमच्यापैकी जे रविवारी चर्चच्या शब्बाथ शाळेत गेलेत त्यांना हे कळलं असेल. इतरांसाठी सांगते. बायबलमधला एसाव शिकारीहून भुकेला आला आणि धाकट्या भावाकडच्या वाटीभर मसुराच्या आमटीसाठी आपला थोरलेपणाचा हक्क देऊन मोकळा झाला. "एसाव वाईट नव्हता गं," काका म्हणत. "भूकही खरीच होती. पण संध्याकाळपुरती."

एरवी इतका सबुरीचा हा माणूस, पण नाताळ आला की त्यांना दम निघत नसे. आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ घरोघर गाणी म्हणत फिरायचा आणि संघातला सगळ्यात तरुण म्हणजे साठीचे काका. टेम्पोत पुढच्या सीटवर, मांडीवर ढोलकी. सिग्नलला गाडी थांबली तरी बोटं थांबत नसत. शेजारच्या रिक्षावाल्यानेही मान डोलवावी, असा ठेका.

एका वर्षी आम्हाला मैदानावरच्या महोत्सवात गायला बोलावलं. मोठं स्टेज, दिवे, केबलवर प्रक्षेपण. आणि एक कडवं मी एकटीने म्हणायचं होतं. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करणारी, लहानपणी वर्गातसुद्धा कधी मोठ्याने हजेरी न दिलेली मुलगी. आठ दिवस भांडी घासताना तेच कडवं. निळी साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती. येता-जाता तिला हात लावून बघत होते.

पण नेमकी त्याच संध्याकाळी कोन गावची फेरी ठरलेली होती. कोनला एकच घर. तिथे भाच्याकडे राहणाऱ्या बाईंनी काकांना लहानपणी शब्बाथ शाळेत गायला शिकवलं होतं. आता बाईंना अजिबात ऐकू येत नव्हतं.

गिटार वाजवणारा सुशांत वैतागला. "काका, त्यांना ऐकूच येत नाही. आज गेलो काय नि परवा गेलो काय."

"त्यांना नाही येत," काका म्हणाले. "पण मी आज येतो म्हणालो होतो, ते मला ऐकू येतंय."

"मग आम्ही काय करायचं?"

"तुम्ही स्टेजवर जा. झकास गा. मी कुणाला अडवतोय?" या वेळी त्यांनी हुंगलं नाही. ढोलकी उचलून टेम्पोत जाऊन बसले.

सगळे मैदानाकडे निघाले. मी निळ्या साडीत रस्त्याच्या मध्ये. खोटं कशाला सांगू, मला स्टेज हवं होतं. पण टेम्पोत नुसती ढोलकी दिसत होती, गाणारं कुणी नव्हतं. मी रडत रडतच चढले. काकांनी खिडकीची बाजू मला दिली.

कोनला भाच्याची सून दारातच होती. "आलाव काय तुमी? बाई दुपारपासून उंबऱ्यावर बसल्या हायत. आत चला बोलली तर ऐकत नाय."

काकांनी ढोलकी घेतली तसा बाईंनी तिच्या अंगावर तळवा ठेवला. ठेका सुरू झाला आणि बाई हसल्या. मान डोलू लागली, पाय हलू लागले. अंगणात शेजारी जमले. मध्येच काका थांबले. "आता तुझं कडवं."

"ढोलकीशिवाय त्यांना काय कळणार?"

काकांनी बाईंचा हात उचलला आणि माझ्या पाठीवर ठेवला, दोन खांद्यांच्या मधोमध.

मी गायले. पाठीवरची बोटं माझ्या सुराबरोबर चढत होती, उतरत होती. कडवं संपलं आणि बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "शेवटी श्वास चोरतेस. पोटातून घे. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. काका लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. हे लिहितानाही माझी पाठ तिथेच गरम होते. स्टेजवर सुशांतचंही छान झालं, टाळ्या पडल्या. माझं ते कडवं दुसरं कुणी म्हटलं. कुणी, ते आता आठवत नाही.

बाई पुढच्याच वर्षी गेल्या. काका यंदा, पावसाळा संपता संपता.

या डिसेंबरात महोत्सवाचं निमंत्रण पुन्हा आलं, नेमकं काकूंच्या घरी गायचं ठरलं होतं त्या संध्याकाळचं. आता संघ सुशांत बघतो. त्याने मोबाइलवर निरोप वाचला, माझ्याकडे बघितलं, नाक वर केलं आणि दोनदा हुंगलं. आम्ही सगळे हसलो. मग त्याने महोत्सवाला नाही कळवलं.

काकूंनी ढोलकी पुसून, ताणून ठेवली होती. चटया घातल्या होत्या. "गाणं झाल्यावर जेवूनच जायचं," त्या म्हणाल्या. "मसुराची आमटी केलीय. यांच्या भारी आवडीची. रोज कर म्हणायचे."

आम्हाला हे कधीच माहीत नव्हतं.

सुशांतने ढोलकी मांडीवर घेतली. काकूंनी तिच्यावर तळवा ठेवला. मी बाईंनी सांगितला तसा पोटातून श्वास घेतला, अजिबात न चोरता. सगळा आमटीच्या वासाचा होता.