प्रकाशाच्या पुढे पळालेला प्रबंध

"वानखेडेजी, सौ साल पुरानी फिजिक्स आज इसी केबिन में पलट गई!" आमचे डीन साहेब म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. स्क्रीनवर पाठवायला तयार ठेवलेली प्रेस नोट होती: 'रायपुर के वैज्ञानिक ने खोजा प्रकाश से तेज़ संदेश.' वैज्ञानिक म्हणजे साहेब स्वतः.

गणित मात्र निकिता मेश्रामचं होतं. ती साहेबांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. खुर्ची रिकामी असूनही कोपऱ्यात उभी होती. मी तिच्या समितीवर होतो. प्रबंध जमा करायला आधी गाइडची सही लागते, आणि गाइडची अट साफ होती: निष्कर्षात 'प्रकाशापेक्षा वेगवान' लिही, मग सही. लिहिलं तर बाहेरचा परीक्षक प्रबंध फेटाळणार. नाही लिहिलं तर तो परीक्षकापर्यंत जाणारच नाही. तिची पाच वर्षं मधल्यामध्ये अडकली होती.

भानगड समजायला थोडं फिजिक्स लागेल. फील्ड म्हणजे जागोजागी एकेक आकडा, तापमानासारखा. आमच्या रायपुरातल्या गोल बाजारात एक, गावाच्या दुसऱ्या भागात तेलीबांध्यात दुसरा, मधल्या प्रत्येक बिंदूवर आपापला. 'लोकल' थिअरी म्हणजे एका जागी केलेली खोडी आधी शेजारी पोचते, मग पुढे. प्रकाशाला ओलांडून उडी नाही. मॅट्रिक्स एलिमेंट म्हणजे दोन अवस्थांच्या मध्ये एखादं मोजमाप बसवलं की निघणारा आकडा. निकिताने दोन्हीकडे एकही कण नसलेली अवस्था घेतली आणि मध्ये दोन ठिकाणची फील्ड्स. ठिकाणं इतकी लांब, की मिळालेल्या वेळात प्रकाशही पोचू नये. आकडा छोटा आला, पण शून्य आला नाही. हे बरोबरच आहे. पाठ्यपुस्तकातही तसंच येतं.

"शून्य नहीं है, मतलब कुछ तो पहुँचा," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "सर, मई में गोल बाज़ार और तेलीबांधा दोनों एक साथ तपते हैं. तो क्या गोल बाज़ार ने फ़ोन किया था?"

साहेबांना माझं उदाहरण खालच्या दर्जाचं वाटलं. "फील्ड थिअरी में बाज़ार मत लाइए."

दोन आकडे एकमेकांशी जुळणं वेगळं, एकाने दुसऱ्याला निरोप देणं वेगळं. निरोप तपासायची रीत अशी: दोन्ही फील्ड्सचा क्रम उलटा करून तोच आकडा पुन्हा काढायचा आणि वजाबाकी करायची. उत्तर शून्य आलं तर इथल्या खोडीचा तिथे पत्ताही लागलेला नाही.

मी निकिताला विचारलं, "बेटा, तू हे उलटं करून पाहिलं का?"

"हव सर, किया था." तिला मराठी समजते, उत्तर ती हिंदीत देते. "सर ने वो वाला ग्राफ़ हटवा दिया."

साहेब खाकरले. "उसमें भी शून्य नहीं था! दिखाओ इनको."

तिने दाखवलं. दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं, मग एक तीन. त्या तीनकडे साहेब नातवाकडे पाहावं तसे पाहत होते.

हा कॉम्प्युटरचा केरकचरा असतो. कॉम्प्युटर सोळा-सतरा अंकांपर्यंतच हिशेब ठेवतो, पुढचं कापतो. वजाबाकीत त्या कापलेल्याचा भुगा शिल्लक राहतो. मी म्हटलं, "निकिता, अंक दुप्पट करून चालव."

प्रोग्राम चालेपर्यंत साहेबांनी चहा मागवला, मला नाही. उत्तर आलं. आता शून्यं तीसहून जास्त होती. मग एक सात. खरा निरोप असता तर आकडा जागचा हलला नसता.

"देखिए, फिर भी है," साहेब म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"सर, परीक्षक एकच विचारेल. आपका संदेश अंक बढ़ाते ही पीछे क्यों भागता है? व्हायवा में आप बैठेंगे ही, उत्तर आप दे दीजिएगा."

साहेबांनी बराच वेळ चहात बिस्किट बुडवलं. अर्धं आत पडलं. मग निकिताला म्हणाले, "वो हटाया हुआ ग्राफ़ वापस लगाओ. मैं तो शुरू से कह रहा था, दोनों क्रम देखने चाहिए."

सही त्याच दुपारी झाली. परीक्षकाने प्रबंध पास केला, दोन टायपिंगच्या चुका काढून.

त्यानंतर आठवड्याभरात निकिता वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आली. 'रायपुर के डीन ने सिद्ध किया: प्रकाश से तेज़ संदेश असंभव.' तिचं नाव शेवटच्या ओळीत होतं, सहायक म्हणून, आडनाव चुकवलेलं.

"सर, ये तो सबको पहले से पता है ना? खंडन भेजूँ क्या?"

"काहून? आपल्या डिपार्टमेंटबद्दल पहिल्यांदा खरं छापून आलं आहे. राहू दे. आडनाव तेवढं दुरुस्त करून घे."

उत्तर शून्य आलं की त्यावर कोणी हक्क सांगत नाही, असा माझा समज होता. तो मी दुरुस्त केला आहे.