टोपलीत मासेच राहतील

आधी मावशी. जे झालं ते मागून सांगते. वेसाव्याच्या कोळीवाड्यात राहणारी, अंधेरीच्या बाजारात पापलेट-बांगडे विकणारी मावशी नसती तर मी या शहरात टिकले नसते, आणि ज्या भांडणाबद्दल लिहायला बसले आहे ते भांडायला जागेवरच नसते. उलटं सांगितलं, आधी भांडण आणि मग मावशी, तर वाचणाऱ्याला वाटेल मी फार धीट बाई आहे. मी नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला तर मी तो वाजून बंद होईपर्यंत उचलत नाही.

मी वऱ्हाडातली, वाशीमच्या बाजूची. नववीत शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली होती आणि घरात भाकरी थापायला दुसरं कुणी नव्हतं. ती उठून बसली तोवर माझ्या वर्गातल्या मुली कॉलेजात पोचल्या होत्या, मला पुन्हा बाकावर बसायची लाज वाटली. शिवणकाम येत होतं. गावातल्या एकीच्या ओळखीने अंधेरी पूर्वेच्या एका गाळ्यात कपडे शिवायला आले. वर्षभरात गाळा बंद पडला. एका सकाळी शेठ आलाच नाही, दाराला कुलूप तेवढं नवीन होतं.

त्या दिवशी पिशवी घेऊन मी चालत सुटले ती स्टेशनच्या पलीकडे मासळी बाजाराच्या तोंडाशी बसले. वास सहन होत नव्हता, पण सावली होती. आमचं घर माळकरी, मासा मी तोवर पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेला. समोर बसलेल्या कोळणीने बराच वेळ माझ्याकडे बघून घेतलं, मग म्हणाली, गिऱ्हाईक नसशील तर जरा सरक, आणि सरकतेसच तर तो बर्फाचा तुकडा इकडे ढकल. मी ढकलला. दिवसभर तिने सांगितलं ते ढकलत राहिले. संध्याकाळी टोपली आवरताना तिने विचारलं, "घर हाय?" मी नाही म्हणून मान हलवली. तिने रिकामी टोपली माझ्या हातात दिली आणि चालायला लागली. तिच्या घराच्या पोटमाळ्यावर मी राहायला लागले, अजूनही तिथेच राहते. माझ्यासाठी ती वेगळ्या पातेल्यात डाळ करायची आणि शेजारणींना सांगायची, आमच्याकडे एक शेळी पाळली आहे.

मालिकेची मंडळी बाजारात आली ती मावशीचा आवाज ऐकून. ती गिऱ्हाइकाला हाक मारते तेव्हा रिक्षावाले वळून बघतात. चार-पाच तरुण पोरं-पोरी, पलीकडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा गाळा. बाहुल्यांची विनोदी मालिका करत होते, त्यात एक कोळीण होती आणि तिला आवाज हवा होता. मावशी माशाची खवलं काढत ऐकत होती. काय बोलायचं, कधी यायचं, हे त्यांनी सांगून झाल्यावर तिने कोयतीचं टोक माझ्याकडे केलं आणि विचारलं, बाहुल्यांना कपडे लागतात ना? लागतात म्हणाले. "मंग हिला घेशील तर माझा आवाज घे. नाय तर दोघी इथंच बऱ्या."

अशी मी त्या गाळ्यात गेले, मावशीच्या अटीवर.

काम कसलं ते आईला फोनवर समजावताना माझी पुरेवाट झाली. बाहुली वीतभर उंच. आत तारेचा सांगाडा, वर फोम आणि कापड. तिचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा. पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. दिवसभर असं केलं की पडद्यावर ती जेमतेम एक वाक्य बोलून होते. फोटो चालू असताना पंखा बंद, कारण वाऱ्याने पदर हलतो. बाहेर टेम्पो रिकामा व्हायला लागला की थांबायचं, कारण जमीन थरथरते. आई म्हणाली, "बाहुल्या खेळून राहिली काय तू तिथं?" मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार.

सुरुवातीला मी इवल्या नऊवाऱ्या शिवत होते. मग एकदा बाहुली हलवणारी मुलगी आजारी पडली आणि मला बसवलं. माझं जमलं. कारण एवढंच, की भित्र्या माणसाला गुपचूप बसायची सवय असते. हळूहळू कोळीण माझ्याच हातात आली.

मालिका वेडगळ होती. एक कोळीण, आणि पवईला ऑफिसात जाणारा, टाय लावलेला एक बोका. तो रोज येऊन भाव विचारतो, माशांना नावं ठेवतो, काही घेत नाही, आणि जाताना हळूच पंजा मारायला बघतो. बोका बर्फावरून घसरला की मुलं हसायची. "जरा बघा ना, रोजचं गिऱ्हाईक आहे" असं तो म्हणाला की मोठी माणसं हसायची, कारण तो त्यांच्यातलाच होता. दोन्ही हसणी एकाच वेळी यायला हवीत, असं आमचा दिग्दर्शक म्हणायचा. तो माझ्याहून लहान, तरी सगळे त्याला सर म्हणायचे, मीही.

कोळीण हलवायची तर कोळीण बघायला हवी. मी पहिल्यांदा बाहुलीच्या हातात मासा दिला तो भाकरी धरावी तसा, तळहातावर आडवा. मावशीने ते चित्र बघितलं आणि विचारलं, ही मासा विकते का तव्यावर टाकते? मग मी कामावर जाण्याआधी सकाळी तिच्याशेजारी बसायला लागले. ती अंगठ्याने माशाचा कल्ला उचलून आतली लाली दाखवते, आणि तेव्हा माशाकडे बघत नाही, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघते. मनगट आधी वळतं, अंगठा मागून येतो. नको म्हणणाऱ्याला पाठ दाखवताना तिचा खांदा आधी वळतो, मान सगळ्यात शेवटी, म्हणजे तो परत आला तर ती अजून तिथेच असते. हे सगळं मी बाहुलीच्या तारेत घातलं. मालिका पाहून बाजारातल्या बायका मावशीला म्हणायच्या, तुला बाटलीत भरली गो. मावशी वरवर फणकारायची आणि घरी आल्यावर मला तोच भाग पुन्हा लावायला सांगायची.

पहिले भाग नेटवर चालले आणि एका मोठ्या कंपनीची माणसं ते विकत घ्यायला आली. सगळी गोड बोलणारी. त्यांना कोळीण आवडली, बोका आवडला. फक्त टोपलीत मासे नकोत म्हणाली. पुष्कळ घरांत मासे चालत नाहीत, आईबाप मुलांना मालिका लावून देणार नाहीत. भाजी करा ना, फ्लॉवर करा. कोबीपेक्षा फ्लॉवर दिसायला मजेशीर.

सरांनी नमुन्याचा एक तुकडा करायला सांगितला, मी केला. फ्लॉवर शिवला, छान झाला. पण कोळणीचा हात त्याच्याकडे गेला तेव्हा माझ्या बोटांना दुसरं काही येत नव्हतं. मनगट वळलं, अंगठ्याने फ्लॉवरचं पान उचललं आणि ती बोक्याच्या डोळ्यांत बघत राहिली. गाळ्यात सगळे पोट धरून हसले. कंपनीची माणसंही हसली, हेच ठेवा म्हणाली. म्हणजे वाईट झालं असतं तर सुटका होती, ते चांगलं झालं होतं.

मावशीला आवाज द्यायला बोलावलं. वाक्य वाचून दाखवायला मीच आवाज भरायच्या काचेच्या खोलीत तिच्याजवळ उभी होते. "ताजा फ्लॉवर, पानं बघ कशी हिरवीगार." तिने ऐकलं. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा वाचलं.

"फ्लॉवरवाल्या बाईला बोलवा," ती म्हणाली. "तिचा धंदा मी कनाला मारू?" कनाला म्हणजे कशाला, ही तिची घरची बोली.

सर आत आले. त्यांनी नीट समजावलं, किती घरांत मालिका पोचेल, गाळ्यातल्या सगळ्यांचं काम कसं टिकेल, आणि शेवटी ही बाहुली आहे, तू नाहीस. मावशीने शांतपणे विचारलं की ती मी नव्हे तर माझा आवाज कशाला पाहिजे. मग म्हणाली, टोपली तशीच ठेवून आलेय, बर्फ वितळतोय. आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी सर माझ्याजवळ येऊन बसले. आवाज दुसऱ्या कुणाचा घेऊ, म्हणाले, पण बाहुली तूच हलवायची, तुझ्या हातातच ती जिवंत होते. हे खरंच ते मनापासून म्हणत होते. नववीत शाळा सुटलेल्या मुलीला असं कोण म्हणतं? माझे हात गार पडले. तरी बोलले.

"मी नाही हलवणार, सर."

"तू तर मासे खातसुद्धा नाहीस. तुला काय फरक पडतो?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मी कात्री आणि सुईदोऱ्याचा डबा उचलला आणि बाहेर आले, जिन्यात बसून रडले, आणि परत वर जावं की काय असं खूपदा वाटलं. उत्तर आता लिहिते. मी मासे खात नाही, खाणार नाही, माझ्या आईची माळ आहे आणि मला ती मान्य आहे. पण तो अंगठा मावशीचा आहे. ते मनगट, तो खांदा तिचा आहे, आयुष्यभर त्या पाटावर बसून झालेला. हात ठेवायचा आणि बाई हाकलायची, हे काम माझ्या हातून होणार नाही. ज्यांना मासा बघवत नाही त्यांनी बघू नये. त्यांच्यासाठी हवी तर फ्लॉवरवालीची वेगळी मालिका करा, मी तिच्याशेजारीही जाऊन बसेन, तिचाही हात शिकेन. तो वेगळा असेल. फ्लॉवरवाली कल्ला उचलत नाही.

घरी सांगायची भीती याहून मोठी होती, कारण ते काम मावशीने मिळवून दिलं होतं. वाटलं, शाबासकी देईल. तिने देवासमोरची वात सारखी करत सगळं ऐकलं आणि भडकली. "मी तुला सोड म्हटलं? माझं माझ्याजवळ. तू कनाला गेलीस मधी?" अशी शेळी तिने दुसरी पाहिली नाही म्हणाली. हातात कला आली ती नाल्यात टाकून आली म्हणाली. त्या रात्री पोटमाळ्यावर मी गावी परत जायचं पक्कं केलं आणि आईला काय सांगायचं ते मनात जुळवत बसले. आईला सांगण्यासारखं काही सापडलं नाही. परत गेले नाही याचं कारण तेवढंच, त्यात शूरपणा नाही.

सकाळी मावशीने खालून हाक मारली, चल, बर्फ उचल. पुन्हा मी बाजारात बर्फ ढकलायला लागले. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, खरा बोका पाटाखाली झोपला होता, आणि तिने एकदम विचारलं की तुझ्या फोनवर नाय होत का ते बाहुल्यांचं? मी म्हटलं, बाहुली त्यांची आहे. "ती त्यांची. तुला दुसरी शिवता नाय येत?"

येत होती.

त्यांची मालिका आली. फ्लॉवरवाली, दुसरा आवाज, दुसरे हात. मुलं बघतात, बोका अजूनही हसवतो. मी एक भाग पाहिला. वाईट आहे असं म्हणणार नाही. बाई कुणाच्या डोळ्यांत बघत नाही एवढंच.

आमची पोटमाळ्यावर होते. बाहुली नवी, चेहरा वेगळा, आवाज मावशीचाच, बोक्याऐवजी आता बगळा आहे. तो दुर्बीण लावून माशांची तपासणी करतो आणि स्वतःला फार मोठा साहेब समजतो. खिडकी बंद ठेवावी लागते, समुद्राचा वारा कापड हलवतो. घामाने बोटं घसरतात. पोटापाण्यासाठी मी कोळीवाड्यातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते, भाग महिना-दीड महिन्याने एक होतो. कोळीवाड्यातली पोरं बघतात, मुलुंड-कांदिवलीची माणसं बघतात, आमच्या वाशीमकडचेही कुणी बघतात. खाली काही जण लिहितात, छी, मुलांना हे काय दाखवता. पहिल्यांदा ते वाचून मला जेवण गेलं नाही. घाबरतच मावशीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, पूर्ण बघून छी म्हणतात का अर्धवट? मी म्हटलं, शेवटच्या विनोदाबद्दल लिहिलंय, म्हणजे पूर्ण. "मंग बरंय," ती म्हणाली.

आता मीही तेच म्हणते. भीती गेलेली नाही. पुन्हा कुणी गोड माणसं येतील, पुन्हा टोपलीत दुसरं काही ठेवायला सांगतील, माझे हात पुन्हा गार पडतील. गार हातांनीच नाही म्हणेन.

मावशी, हे तुला कुणी वाचून दाखवलं तर शिव्या देशील, तर दे. तू मला घरात घेतलंस, कामाला लावलंस, आणि काम सोडून आले तेव्हा पुन्हा कामाला लावलंस. यातलं काहीच मला अजून फेडता आलेलं नाही. पण या मालिकेवर दोघींचं घर चालेल असा दिवस मी आणणार आहे. त्या दिवसापासून तू बाजारात मनात आलं तर जायचं, नाही आलं तर नाही. तू रोज जाशीलच, मला ठाऊक आहे. पण तुझे गुडघे दुखत असतील त्या सकाळी मी तुला झोपू देणार आहे, उठवणार नाही, मग जाग आल्यावर तू कितीही ओरड.